पोस्टमनच्या हातात थांबलेले पैसे

गेल्या एप्रिलमध्ये आईचा आचऱ्याहून फोन आला. "अरे, माका पैसे येवचे होते ना? मगे गेले कशे?"

कुणा अनोळखी माणसाने व्हॉट्सॲपवर हापूसच्या चार पेट्या मागवल्या होत्या. लष्करात आहे म्हणाला. आगाऊ पैसे पाठवतो म्हणत त्याने क्यूआर कोड पाठवला आणि पिन टाकायला लावला. साडेसहा हजार गेले. १९३० वर तक्रार केली, पण पैसे परत आले नाहीत. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, ही एका ओळीची गोष्ट मी तिला कधी सांगितलीच नव्हती. आणि मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो.

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा माळ्यावरची आजोबांची ट्रंक उघडली. ते मुंबईत गिरणीत होते. दर महिन्याला घरी मनीऑर्डर करायचे. निवृत्त होऊन परतताना पावत्यांचा गठ्ठा त्यांनी सोबत आणला होता. प्रत्येक पावतीवर आजीचा अंगठा आणि बाजूला साक्षीदाराची सही. पैसे पोचल्याचा हा पुरावा पोस्ट उलट मुंबईला पाठवत असे. अख्खं कोकण ज्या मनीऑर्डरवर जगलं म्हणतात, ती १८८० पर्यंत सरकारी खजिन्यांकडे होती. त्या वर्षी १ जानेवारीला ती पोस्टाकडे आली आणि गावागावात पोचली.

पण मनीऑर्डर घरच्या माणसासाठी. अनोळखी दुकानदाराचं काय? आंबा आपण दलालाकडे पाठवायचो, तो पट्टी पाठवायचा. भाव पटला नाही तरी दलाल कोण, कुठे बसतो हे ठाऊक असायचं. मुंबई-पुण्याच्या ज्या दुकानाची फक्त जाहिरात वाचलीय, त्याला आधी पैसे कोण देणार? आणि तो तरी मालवणातल्या अनोळखी गिऱ्हाईकाला उधारीवर माल का पाठवेल?

यावर पोस्टाने डिसेंबर १८७७ मध्ये तोडगा काढला, व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपली व्हीपी. दुकानदार पार्सल पोस्टात देतो. पोस्टमन ते दारात आणतो, पैसे घेतो, मगच पार्सल हातात देतो. ते पैसे मग मनीऑर्डरने दुकानदाराकडे जातात. पुस्तकं, औषधं, घड्याळं अशीच गावोगाव गेली. आज आपण ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतो, ती ही.

यात फसवणूक होत नव्हती असं नाही. पैसे मोजायचे आधी, खोका उघडायचा नंतर. आत रद्दी निघाली तर? काही जण न मागवलेलं पार्सलही पाठवून द्यायचे. घरात जो कुणी असे तो पैसे देऊन मोकळा. म्हणून पाठवणाऱ्याकडून लिहून घेत की माल खऱ्या मागणीवरूनच पाठवतोय. माझ्यासारख्याला खरी मजा वाटली ती १८९८ च्या पोस्ट कायद्यातल्या ३५ व्या कलमाची. फसवणूक असेल तर वसूल केलेले पैसे रोखून गिऱ्हाईकाला परत देता यावेत, असे नियम करायची सोय त्यात होती. आमच्या धंद्यात याला एस्क्रो म्हणतात आणि त्यावर प्रेझेंटेशनं करतात! तो कायदा जून २०२४ पर्यंत चालू होता.

ऑनलाइन दुकानांसाठी पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट ॲग्रिगेटर कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये असंच एस्क्रो खातं बंधनकारक केलं. पण २०१६ ला आलेल्या यूपीआयवर आपण थेट एखाद्या माणसाला पैसे पाठवतो, तेव्हा ते मध्ये कुठे थांबत नाहीत. तीच त्याची खुबी. पिन टाकला की काही सेकंदांत पैसे पलीकडच्या खात्यात. हरकत घ्यायची ती त्यानंतर.

मी आईला व्हीपीचं सुचवून पाहिलं. ती हसली. गिऱ्हाईक घरी नसेल तर पार्सल पोस्टात पडून राहणार, आणि पिकायला आलेला आंबा कुणासाठी थांबत नाही. तिने स्वतःचीच रीत काढली आहे. नवीन गिऱ्हाईकाशी आधी फोनवर बोलते, क्यूआर स्वतःचा पाठवते आणि स्क्रीनशॉटवर भरवसा न ठेवता बँकेत पैसे जमा झालेले बघूनच पेटी बांधते. पेटी एसटी स्टँडवर सोडली की पावतीचा फोटो पाठवते, आणि त्याखाली लिहायला लावते, "आंबे पोचले की कळवा."

बहुतेक जण कळवतात. ते मेसेज ती पुसू देत नाही.