मनोरा तेवढा राहिला

जर्मनीच्या उत्तरेला, बाल्टिकच्या काठावर विस्मार नावाचं जुनं व्यापारी गाव आहे. तिथं गावाच्या मधोमध ऐंशी मीटर उंचीचा एक विटांचा मनोरा उभा आहे. जवळ गेलं की लक्षात येतं, मनोरा आहे पण चर्च नाही. मागे मोकळं आवार आणि बुटक्या विटकामानं जमिनीवर आखलेला आराखडा: इथं भिंत होती, इथं खांब होते. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं तर बहुधा एकच उत्तर मिळतं, युद्धात पडलं.

मी शिकायला तिथं होते तेव्हा ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होते, त्या बाईंना हे उत्तर मुळीच खपायचं नाही. वय ऐंशीच्या घरात. मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणायची. बटाटे सोलता सोलता त्या ठासून सांगायच्या, ‘‘युद्धानं मोडलं. पाडलं आम्हीच.’’

आजीचं म्हणणं कागदावरही खरं ठरतं. १४ एप्रिल १९४५च्या रात्री ब्रिटिश विमानांनी टाकलेल्या बॉम्बनी या मनोऱ्याच्या सेंट मारियन चर्चची वाताहत केली. युद्ध संपतच आलं होतं; २ मेला तर कॅनडाचे छत्रीधारी सैनिक गावात दाखलही झाले. मनोरा वाचला. चर्चचं धूड मोडक्यातोडक्या अवस्थेत पुढं पंधरा वर्षं तसंच उभं होतं. आणि मग ६ ऑगस्ट १९६० रोजी, शांततेच्या काळात, सुरुंग लावून ते उडवलं गेलं. पूर्व जर्मनीच्या राजवटीत रोस्टॉकचं याकोबी चर्चही असंच गेलं. विस्मारचा मनोरा मात्र ठेवला, कारण समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना तो खूण म्हणून लागत होता. देव नको होता, दिशा हवी होती, असं माझं आपलं मत.

आजींना सुरुंगांच्या त्या दिवसाचं आठवायचं ते घरातलं. आईनं फडताळातल्या काचेच्या बश्या खाली काढून गादीवर मांडल्या. तावदानं फुटू नयेत म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, आणि त्याच खिडक्यांतून नंतर लाल धूळ आत आली. वाळत घातलेले पलंगपोस दोनदा धुवावे लागले. आवाज कसा होता, असं विचारलं तर त्या खांदे उडवायच्या. आईची चिडचिड मात्र शब्दन् शब्द पाठ होती.

ही धूळ साधीसुधी नव्हती. त्या किनाऱ्यावर घडवायला दगडच नाही. हिमयुगानं मागे ठेवली ती चिकणमाती आणि मधूनमधून गोटे. तेव्हा ल्युबेक शहरातल्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी फ्रान्समधली दगडी गॉथिक चर्चं विटेत बांधायची ठरवली, आणि त्यांच्या मारियन चर्चचा कित्ता किनाऱ्यावरच्या गावागावांनी गिरवला. विस्मारनंही, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात. शरद ऋतूत माती खणायची, हिवाळाभर गारठ्यात उघडी टाकायची म्हणजे ती फुटून मऊ होते, वसंतात लाकडी साच्यात विटा थापायच्या, वाळवायच्या, मग भट्टी. वीट आपल्याकडच्या विटेपेक्षा बरीच दांडगी, साधारण २८ सेंटिमीटर लांब, १५ रुंद, ९ जाड; एका हातानं उचलायची म्हणजे मनगटाची परीक्षा. त्या काळच्या काही विटांवर कुत्र्यामांजरांच्या पंजांचे ठसे दिसतात. विटा वाळत असताना कुणीतरी त्यांवरून चालत गेलेलं असतं. जाड भिंतींना दोन्ही अंगांनी वीट आणि पोटात गोटे व चुन्याचा भराव. अशा भिंती पाडायला पहार पुरत नाही, सुरुंगच लागतात.

‘‘पडायला आलं होतं, धोका होता, असं सांगितलं आम्हाला,’’ आजी म्हणायच्या आणि लगेच बोट दाखवायच्या ते शेजारच्या सेंट गेऑर्गनकडे. मला त्यांचा हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्याच रात्री तेही चर्च बॉम्बनी फोडलं होतं. ते पंचेचाळीस वर्षं पाऊस-बर्फ खात उभं राहिलं. १९९०च्या जानेवारीत वादळानं त्याची एक त्रिकोणी भिंत कोसळली, तेव्हा कुठं लोक जागे झाले. दुरुस्ती चालली २०१०पर्यंत. आज ते छपरासकट उभं आहे. ल्युबेकचं मूळ मारियन चर्च तर १९४२च्या मार्चमध्ये जळालं होतं, तेही पुन्हा उभारलं. मोडलेलं चर्च सांधता येत होतं. सीमेच्या अलीकडे, पूर्व जर्मनीत, ते सांधायची इच्छा नव्हती, एवढंच. गोव्यात सेंट ऑगस्टिनचाही मनोराच काय तो उरलाय, पण ते चर्च ओसाड पडून आपोआप ढासळलं. त्यामुळं तिथं हळहळ वाटते, इथं राग येतो.

आजींच्या सगळ्याच गोष्टी कागदाला धरून नव्हत्या. मारियनमधल्या बाप्तिस्म्याच्या ब्राँझच्या पात्राभोवतीचं जाळीदार लोखंडी कठडं सैतानानं घडवलंय, हे त्या अर्ध्या थट्टेनं, अर्ध्या खात्रीनं सांगायच्या. लोखंड दोरखंडासारखं असं गुंफलंय की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, कळत नाही. माणसाच्या हाताला हे जमणार नाही, अशी गावची जुनी दंतकथा. ‘‘आणि सैतानाचं तेवढं वाचलं बघ,’’ असं म्हणून खो खो हसायच्या.

वाचलं खरं. तुम्ही कधी विस्मारला गेलात तर मनोऱ्याचा फोटो काढून मागे फिरू नका. दहाएक मिनिटं चालत सेंट निकोलाईत जा. साधारण १३३५ सालचं ते पात्र, सैतानाचं कठडं आणि किराणा व्यापाऱ्यांच्या संघानं १४३०च्या सुमारास करवून घेतलेली कोरीव वेदी, मारियनचं हे सामान आता तिथं आहे.