२,१४,७४,८३,६४७ : यूट्यूबला भेटलेला आकडा २०३८ मध्ये पुन्हा का आडवा येणार?

डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाईल’चे यूट्यूबवरचे व्ह्यूज २१४ कोटींच्या पुढे गेले आणि चर्चेत आला एक विचित्र आकडा: २,१४,७४,८३,६४७. ३२ बिटच्या काउंटरला यापुढे मोजताच येत नाही. यूट्यूबने काउंटर ६४ बिटचा केला आणि तो विषय तिथेच मिटला.

हा आकडा येतो कुठून?

कॉम्प्युटर फक्त ० आणि १ वापरतो. ३२ बिट म्हणजे अशी ३२ घरं. त्यातलं एक घर आकडा अधिक की उणे हे सांगण्यात जातं. उरलेल्या ३१ घरांत सगळीकडे १ भरला की हा आकडा तयार होतो. म्हणजेच २ चा ३१ वा घात, वजा १.

गणितज्ञांना तो कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा मूळ संख्यांना ‘मर्सेन मूळ संख्या’ म्हणतात आणि ही त्यातली आठवी. लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये हे सिद्ध केलं, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना! सरळ मार्गाने गेलं तर ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावं लागतं, आणि त्या चार हजारांहून जास्त आहेत. पण इथे भाग जाणारी संख्या असलीच, तर तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. एवढ्या एका चाळणीने यादी शंभराच्या आत येते.

मूळ असणं आणि कॉम्प्युटरची मर्यादा असणं, हा मात्र निव्वळ योगायोग. १६ बिटची मर्यादा ३२,७६७ आहे आणि तिला ७ ने भाग जातो. ६४ बिटच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो.

मग २०३८ मध्ये काय होणार?

अनेक सिस्टीम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ही मोजणी २,१४,७४,८३,६४७ वर पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला ३२ बिटचं घड्याळ उणे आकड्यात उडी मारेल आणि तारीख दाखवेल डिसेंबर १९०१ मधली.

‘सगळे मोबाईल बंद पडणार’ असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका. आजचे ६४ बिटचे फोन आणि लॅपटॉप यासाठी तयार आहेत. धोका आहे तो वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या यंत्रांना आणि जुन्या सॉफ्टवेअरला. त्यांच्यासाठी २०३८ लांबही नाही: आज घेतलेल्या २० वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडे पडतो, आणि ती तारीख सिस्टीमला आजच साठवावी लागते.