मावळच्या वतनी कागदांतील उत्तराची परिभाषा

भोर व वेल्हे या भागांत, म्हणजे पूर्वींचें रोहिडखोरें, हिरडस मावळ, वेळवंड खोरें, गुंजण मावळ व कानद खोरें या मुलुखांत, जुन्या घराण्यांचीं जीं दप्तरें उजेडांत आलीं त्यांतील मोठा भाग भांडणाचा आहे. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पंधराव्या व पुढील कांहीं खंडांत शिवकालीन घराण्यांचे जे कागद छापले, त्यांतही देशमुखी, देशपांडेपण व पाटिलकी यांचे कज्जे वारंवार आढळतात. भांडल्यावांचून वतन टिकत नसे आणि भांडणावांचून कागद होत नसे. हें संग्राहकांच्या पथ्यावर पडलें. परंतु प्रतिपक्षास उत्तर देण्याचे जे शब्द या कागदांत येतात, त्यांचा अर्थ नीट न लावल्यामुळें एका पक्षाचें म्हणणें सिद्ध इतिहास म्हणून उतरून घेतलें जातें. तेवढ्यापुरता विचार येथें मांडूं.

उत्तर-प्रत्युत्तर म्हटलें कीं आजच्या वाचकाच्या मनांत इंग्रजी न्यायालयांची पद्धति उभी राहते. त्या जुन्या पद्धतींत वादीच्या ‘डिक्लरेशन’ला प्रतिवादीची ‘प्ली’, तिला वादीचें ‘रिप्लिकेशन’, त्यास ‘रिजॉइंडर’, मग ‘सररिजॉइंडर’, ‘रिबटर’ आणि शेवटीं ‘सररिबटर’ अशी पायऱ्यांची रचना होती. प्रत्येक पायरी मागच्या पायरीस बांधलेली. दोघांचा नेमका विरोध ज्या एका मुद्द्यावर उरे तोच निर्णयास घ्यावयाचा. इंग्लंडांतच ही क्लिष्ट व्यवस्था १९ व्या शतकांत मोडीत निघाली. मावळांतील कागद या जिन्यानें उतरत नाहींत. आमच्या येथें दोन्ही पक्ष आपापली कहाणी मूळपुरुषापासून सांगतात, आणि खंडनाचें काम पुष्कळ अंशीं गोतावर सोपवितात.

प्रथम दावा सांगणारा तो अग्रवादी व त्यास उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांनीं पुढें येऊन लिहून दिलेली ती तकरीर. मोडीच्या घाईच्या लेखनांत ही ‘तकरीर’ आणि ‘तकरार’ यांची गल्लत सहज होते. वस्तुतः दोन्ही अरबी शब्द निराळे, पहिल्याचा अर्थ निवेदन आणि दुसऱ्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ति, त्यावरून हुज्जत. याहून फसवा शब्द राजीनामा. वादाच्या आरंभीं उभय पक्षांनीं ‘अमुक थळीं जो निवाडा होईल तो मान्य’ म्हणून लिहून द्यावयाचें संमतिपत्र, हा त्याचा तेथील अर्थ. एका वतनदाराचा राजीनामा प्रथम हातीं आला तेव्हां त्यानें वतन सोडलें असें समजून आम्हीही टिपण करून बसलों होतों. पुढें त्याच दप्तरांत त्याचा जमानकतबा निघाला, तेव्हां गृहस्थ वतन सोडीत नसून त्यासाठीं कंबर कसून उभा होता हें ध्यानांत आलें.

या पोशाखी फारसी शब्दांखालीं धर्मशास्त्राचा सांगाडा आहे. शास्त्रकारांनीं व्यवहाराचे चार पाद मानिले: भाषा, उत्तर, क्रिया व साध्यसिद्धि. उत्तराचे प्रकारही चार. ‘हें मुळींच खरें नाहीं’ तें मिथ्या. ‘मान्य आहे’ ती संप्रतिपत्ति. ‘झालें खरें, पण त्यास कारण आहे’ तें प्रत्यवस्कंदन. आणि ‘याचा निवाडा पूर्वींच होऊन तूं हरला आहेस’ तो प्राङ्न्याय. हा भेद केवळ पंडितांच्या हौसेचा नव्हे. नुसता इन्कार केला तर पुराव्याचा भार दावा सांगणारावर राहतो; कारण किंवा पूर्वींचा निवाडा पुढें केला तर तो भार उत्तर देणारावर येतो. वतनी तकरिरी वाचतांना उत्तर या चौघांपैकीं कोणत्या जातीचें आहे हें प्रथम ठरवावें. ‘वडिलांपासून भोगवटा आमचा, हा लटका कथळा करितो’ हें मिथ्या. ‘पूर्वीं महजर जाहला आहे’ म्हणतांच तो प्राङ्न्याय होतो आणि मग तो महजर दाखविणें त्याच्या अंगावर येतें. जुन्या पत्राची निकड येथें उत्पन्न होते, आणि निकडींतून बनावट पत्रेंही जन्मास येतात. रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांकडील, दादाजी नरसप्रभूस शिवाजीमहाराजांनीं १६४५ मध्यें लिहिलें म्हणून प्रसिद्ध असलेल्या ‘हिंदवी स्वराज्या’च्या पत्राविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत ते सर्वश्रुतच आहेत. त्या वादांत येथें आम्ही शिरत नाहीं. परंतु वतनदाराच्या घरचा कागद पाहतांना तो कोणत्या प्रश्नाचें उत्तर म्हणून जपला गेला, हें विचारलेंच पाहिजे.

तिसरा पाद जी क्रिया, ती शास्त्रांत पुराव्याचें सामान्य नांव. साक्षी, लेख, भोग व दिव्य सर्व तींत आलें. मराठींत मात्र ‘क्रिया करणें’ म्हणजे शपथ वाहणें किंवा दिव्य करणें असा अर्थसंकोच झाला. कारण उघड आहे. दोन्ही कहाण्या मूळपुरुषापर्यंत गेल्या, साक्षीदार सोयरेधायरे, कागद जळाले किंवा दंग्यांत गेले. मग उकळत्या तेलतुपांतून रवा काढणें हेंच उत्तर उरे. हात बांधून मोहर करीत आणि ठरल्या दिवशीं पाहत. हाताला इजा नसेल तो ‘खरा जाहला’, असेल तो ‘खोटा जाहला’.

आतां कारीच्या जेध्यांचा करीना घ्या. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्धीस आणली. तिच्या जोडीचा हा करीना शिवचरित्राचें मोठेंच साधन आहे. १६ जून १६५९ चें आदिलशाही फर्मान कान्होजीस आलें, उत्रोळीचा खंडोजी खोपडे अफजलखानास मिळाला, कान्होजीनें वतनावर पाणी सोडून महाराजांची पाठ धरली. पुढें गुंजण मावळच्या हैबतराव शिळीमकराकडून रदबदली होऊनही खोपड्याचा एक हात व एक पाय गेला. हा वृत्तांत खोटा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु खोपड्यांशीं देशमुखीचा जुना कज्जा असलेल्या घराण्यांत तो इतक्या तपशिलानें जतन झाला, यांत आम्हांस उत्तराचा वास येतो. करीना म्हणजे क्रमवार हकीकत खरी, पण ती निर्हेतुक बखर नव्हे. ‘आम्ही असे वागलों, तो तसा वागला’ हें प्रतिपक्षाचें नांव न घेतांही केलेलें खंडन असूं शकतें.

नक्कल करणारांस एक सूचना. महजरांत प्रथम हाजीर मजालसीची यादी येते, मग दोन्ही तकरिरी, आणि प्रत्येकीच्या शेवटीं ‘म्हणोन’ हा लहानसा शब्द. त्यापुढें ‘मनास आणितां’ अशासारख्या शब्दांनीं सभेचा विचार सुरू होतो. ‘म्हणोन’च्या अलीकडचें सर्व एका पक्षाचें तोंड, पलीकडचें गोताचें. हा शब्द निरर्थक समजून गाळलेल्या, किंवा तकरिरीचाच तुकडा स्वतंत्र पत्र म्हणून नोंदलेल्या नकला आम्हीं पाहिल्या आहेत.

हरलेल्याकडून शेवटीं यजितखत लिहून घेत: आपण लटका कथळा केला, पुढें वतनाशीं संबंध नाहीं, असें त्याच्याच तोंडचें. हें पत्र जिंकणाराच्या हवालीं होई. तेव्हां एखाद्या घराण्याच्या दाव्याचें खरें उत्तर त्याच्या स्वतःच्या दप्तरांत शोधूं नये. तें ओढ्यापलीकडच्या वाड्यांत, प्रतिपक्षाच्या रुमालांत बांधलेलें असावयाचें.