रात्रीचे शिकारी

जर्मनीच्या हाइंत्स श्नाउफरने रात्रीच्या लढायांत १२१ विमानं पाडली. त्यात ब्रिटिशांची लँकेस्टर बरीच. नाकावर रडार, पाठीत वर रोखलेल्या तोफा. पोटाखालून गुपचूप यायचं नि पंखातल्या टाक्यांवर मारा करायचा!

याच लँकेस्टरची नागरी बहीण लँकेस्ट्रियन. १९४८ मध्ये सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची लँकेस्ट्रियन विमानं कराचीहून रात्री बीदर-वारंगळला निजामासाठी शस्त्रं आणत. आमचा जिल्हाही तेव्हा निजामाचाच, गावं रझाकारांच्या धाकात जागणारी. वर मात्र शिकारी कोणी नाही. आपल्या हवाई दलाला रात्रीची लढाऊ विमानं, व्हॅम्पायर, मिळाली थेट १९५३ मध्ये. मला याचाच राग येतो. शेवटी हिशेब जमिनीवरच झाला: १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरहून निघालेली फौज नळदुर्गात शिरली.