कॉटन ग्रीन : स्टेशनाच्या पूर्वेला हरवलेले रूळ

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "आपल्या भागाच्या इतिहासाचं काहीतरी द्या" असं समितीने सांगितलं. इतिहास म्हटला की किल्ले आणि राजे आठवतात. आपल्या भागाचा इतिहास मात्र रुळांवरून आणि गोदामांतून गेलेला आहे, आणि तो आपण रोज तुडवत स्टेशनला जातो. गेली काही वर्षं मी कॉटन ग्रीन स्टेशनाच्या आजूबाजूला पूर्वी रूळ कुठून कुठे जात होते, माल कुठे उतरत होता, याचा शोध घेतो आहे. त्यातलं जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

सुरुवात नावापासून करू. सोसायटीतली मुलं नेहमी विचारतात, "कापूस तर पांढरा, मग कॉटन ग्रीन कसं?" इथे 'ग्रीन' म्हणजे रंग नव्हे, मैदान. फोर्टात टाऊन हॉलसमोर, आज हॉर्निमन सर्कल आहे तिथे, मोकळं मैदान होतं. कापसाच्या गाठी तिथे उघड्यावर रचल्या जात आणि सौदेही तिथेच होत. शहर वाढलं तशी ही अडगळ झाली आणि १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला. पुढे तिथेही जागा पुरेना, आगीची भीती तर कायमचीच. शेवटी १९२०च्या दशकात शिवडीजवळच्या भराव जमिनीवर कापसासाठी मुद्दाम बांधलेला डेपो उभा राहिला. बाजार हलला आणि नावही त्याच्याबरोबर हललं.

ही भराव जमीन कुठून आली? मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ची. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये आणि व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये झाला. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४चा. बंदर वाढत होतं आणि माल ठेवायला जागा नव्हती. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत माझगाव ते शिवडी हा किनारा भरून काढला, पाचशे एकरांहून जास्त. आपण कॉटन ग्रीनच्या पुलावरून पूर्वेला बघतो ती बहुतेक सगळी जमीन शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चिखल आणि भरतीचं पाणी होती. शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो उतरतात तो चिखल त्याच किनाऱ्याचा उरलेला तुकडा आहे.

आता रेल्वे. आपण रोज जी हार्बर लाइन पकडतो ती ऑफिसला जाणाऱ्यांसाठी टाकलेली नव्हती. कुर्ला ते रे रोड ही जीआयपी रेल्वेची हार्बर शाखा १२ डिसेंबर १९१० रोजी सुरू झाली आणि पंधरा वर्षं रे रोडलाच संपत होती. पुढे दाट वस्ती, गोदी आणि मुख्य लाइन, त्यामुळे जायचं तर वरून जावं लागणार होतं. डॉकयार्ड रोड आणि सँडहर्स्ट रोडला गाडी उंचावरून जाते त्याचं कारण हेच. हा उन्नत मार्ग झाला आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी विजेवरची गाडी याच लाइनवरून धावली. भारतातली विजेवरची पहिली रेल्वेगाडी ती. मालासाठी आखलेल्या भागातून गेलेल्या या लाइनला हा मान मिळाला, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

या प्रवासी रुळांच्या पूर्वेला, त्यांना जवळजवळ समांतर, दुसरी एक रेल्वे होती: पोर्ट ट्रस्टची स्वतःची. ती १ जानेवारी १९१५ रोजी सुरू झाली. बॅलार्ड पिअर ते वडाळा, अंतर सुमारे बारा किलोमीटर. मुख्य मार्ग एवढासा, पण त्याला फुटलेल्या सायडिंगांची लांबी त्याच्या कितीतरी पट. वडाळ्याला मोठं यार्ड होतं. जीआयपी आणि बीबीसीआय या दोन्ही बड्या कंपन्यांचे डबे तिथे पोर्ट ट्रस्टच्या ताब्यात येत. फक्त मालच नाही, तर बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनवर बोटीतून उतरलेले साहेब लोक थेट मेल गाडीत बसत आणि त्या गाड्या याच मार्गाने बाहेर पडत. म्हणजे एका काळी विलायतेहून आलेला माणूस मुंबई शहर न बघताच आपल्या अंगणावरून पंजाबकडे निघून जाई!

ही मांडणी शोधायची कशी? मी दोन गोष्टी केल्या. वेगवेगळ्या वर्षांचे जुने नकाशे मिळवले आणि एकाच मापाला आणून ट्रेसिंग पेपरवर एकमेकांवर ठेवले. मग तो कागद घेऊन प्रत्यक्ष फिरलो. नकाशा सांगतो त्याची खात्री जमीन देते आणि जमिनीवर कोडं पडलं की नकाशा सोडवतो.

यात एक साधा नियम फार उपयोगी पडला. बैलगाडी कोपऱ्यावर वळते, रेल्वेचा डबा वळत नाही. ब्रॉडगेजचं वळण साधारण १७५ मीटर त्रिज्येपेक्षा आवळ चालत नाही आणि सांधाही अगदी हळू फुटतो. आठ-साडेआठ फूट पुढे जावं तेव्हा एक फूट बाजूला, फार तर असा. त्यामुळे एखादी भिंत विनाकारण लांबलचक बाक घेत गेली असेल, एखादा प्लॉट केकच्या तुकड्यासारखा निमुळता असेल, किंवा सरळ रस्त्याला मध्येच तिरकी गल्ली फुटत असेल, तर तिथे थांबून बघावं. बहुतेक वेळा तिथे पूर्वी सायडिंग असते. डांबराखालून डोकावणारी दोन समांतर पोलादी रेघ, कुंपणाचा खांब म्हणून उभा पुरलेला जुना रूळ, आजच्या रुळांच्या गरजेपेक्षा रुंद गाळा असलेला पूल, या सगळ्या त्याच खुणा. एकदा नजर बसली की पूर्वेकडच्या रस्त्यांवरून चालताना खाली गाडलेलं यार्ड दिसायला लागतं.

मालाच्या सोयीही अशाच ओळखता येतात. गोदामाच्या एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला चार फुटांच्या आसपास उंच ओटा असेल, तर ओट्याची बाजू रुळांची. डब्याचा तळ आणि ओटा एका पातळीत आले की गाठ उचलावी लागत नाही, ढकलता येते. यार्डात डबे तोलायचा काटा असे, अवजड मालासाठी क्रेन असे, आणि रुळावर टांगलेली लोखंडी कमान असे. उघड्या डब्यावर रचलेला माल तिच्याखालून गेला तरच पुढे पुलाखालून जाणार.

आता एका गाठीचा प्रवास बघा. खामगाव, अमरावती, जळगावकडे कापूस सरकीपासून वेगळा होऊन प्रेसमध्ये दाबला जाई. एक गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे जवळपास १७८ किलो. दोन गाठींची एक खंडी, आणि बाजारात भाव खंडीवर. डबा कुर्ल्यावरून वडाळ्याला येई. तिथे डब्यांची निवड होई: हे धान्याच्या डेपोला, हे कापसाच्या, हे थेट गोदीत. शंटिंगचं इंजिन डबे ढकलत आणी, सांधेवाला सांधे फिरवी आणि डबा गोदामाच्या ओट्याला लागे. मग नमुना काढणं, प्रत वारी, सौदा. विकलेली गाठ एक तर लालबाग-परळच्या गिरणीत जाई, नाहीतर पुन्हा डब्यात भरून गोदीत आणि तिथून बोटीने जपानला किंवा विलायतेला. इतर मालाची साक्ष नावंच देतात: कोळसा बंदर, लकडी बंदर, दाणा बंदर, आणि गवताचं ते हे बंदर. पाट्या बदलल्या तरी लोकांच्या तोंडी ही नावं अजून आहेत.

कापूस आणि आग हे जुनं वैर. डेपोतले रस्ते एवढे रुंद आणि गोदामं एकमेकांपासून सुटी का, याचं उत्तर त्यात आहे. ही भीती खोटी नव्हती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोटीवर स्फोटकं आणि हजारो कापसाच्या गाठी एकत्र होत्या. आग लागली, दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले, गोदी आणि आसपासची गोदामं पेटली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठी.

मग हे सगळं थांबलं कसं? एका दिवसात नाही. मालट्रक दारापर्यंत माल नेऊ लागले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि नंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तसं कापसाचं जवळचं गिऱ्हाईक संपलं. रेल्वेने सुट्या डब्यांऐवजी पूर्ण रेक चालवायचं धोरण धरलं, आणि दहा-बारा डब्यांची सायडिंग कुचकामी ठरली. १९८९ मध्ये न्हावा-शेवाला नवं बंदर सुरू झालं आणि कंटेनर पलीकडे गेले. रूळ कुणी मुद्दाम उखडले असं नाही. आधी डबे येईनासे झाले, मग गवत वाढलं, मग डांबर आलं.

नकाशांवर मला सांधे सापडले, काटा सापडला, क्रेन सापडली. माणूस मात्र एकाही नकाशावर नाही. १७८ किलोची गाठ हूक लावून ज्यांनी फिरवली त्यांची खूण कागदावर कुठेच नाही. आपल्या बी विंगमधले एक ज्येष्ठ सभासद पूर्वी कापसाच्या गोदामात मुकादम होते. दोन गोदामांच्या रांगांमध्ये एकाऐवजी दोन रूळमार्ग का दाखवलेत, हे मला काही केल्या उमगत नव्हतं. त्यांना कागद दाखवला. ते हसून म्हणाले, "अहो, एकावर भरलेला डबा उभा, दुसऱ्यावरून रिकामा बाहेर. नाहीतर टोळी बसून राहील, मजुरी कोण देणार?" महिनाभराचं कोडं त्यांनी अर्ध्या मिनिटात सोडवलं. मग म्हणाले, "आमच्या टोळीत बारा जण होतो. आता दोघं उरलोत."

हे वाक्य मला झोंबलं. साताऱ्याहून, पुण्याच्या मावळातून आलेल्या अशा टोळ्यांनी हा भाग चालवला. १९६९ साली माथाडी कायदा झाला तो अशा कष्टांना काही नियम, काही हक्क मिळावेत म्हणून. आपल्या सोसायटीत कुणाचे वडील गोदीत होते, कुणाचे गिरणीत, कुणाचे रेल्वेत. पूर्वेकडच्या बंदराच्या जमिनीचं नवं नियोजन होऊ घातलंय. शिवडीहून अटल सेतू १२ जानेवारी २०२४ला सुरूही झाला. नवं यायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण उद्या तिथे टॉवर उभे राहिले की वाकडी भिंत आणि उंच ओटा जाणार, आणि तो ओटा कशासाठी होता हे सांगणारी माणसंही जाणार.

म्हणून एक विनंती. ट्रेसिंग केलेल्या नकाशाची प्रत मी सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे. ज्यांच्या घरी कामाचा बिल्ला, पास, पगाराची पावती, गोदामासमोर काढलेला एखादा फोटो असेल, त्यांनी मूळ कागद स्वतःकडे ठेवून फक्त प्रत द्यावी. काही कागद नसेल तर आठवण सांगा, मी लिहून घेईन. कुठल्या गोदामात, कुठल्या बाजूला, टोळीत कोण कोण, एवढं पुरे. रुळांचा नकाशा बराच भरला आहे. त्यावर माणसांची नावं लिहायची बाकी आहेत, आणि ती आपल्याशिवाय दुसरं कुणी लिहिणार नाही.