कोनशिलेपासून मनोऱ्यापर्यंत

सातारा-सांगलीकडून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईस गेलेला प्रवासी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर पडतो, तेव्हा समोरचा एक उंच दगडी मनोरा त्याचे लक्ष वेधून घेतो. मुंबई महानगरपालिकेच्या मुख्य कार्यालयाचा हा मनोरा २५५ फूट उंच आहे. आजच्या गगनचुंबी इमारतींपुढे ही उंची किरकोळ वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एखाद्या नगरसंस्थेने आपल्या कचेरीसाठी एवढा मनोरा उभारावा, हे नवल होते. त्याहून मोठे नवल त्यासाठी करावी लागलेली प्रतीक्षा आणि त्या प्रतीक्षेत झालेला विचार यांचे आहे.

१८६५ च्या कायद्याने मुंबईच्या नगरकारभारास नवे रूप आले आणि आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. कचेरी मात्र गिरगाव रस्त्याच्या टोकाशी एका साध्या इमारतीत होती. १८७० मध्ये ती एस्प्लनेडवर, वॉटसन हॉटेल आणि ससून लायब्ररी यांच्या मधल्या जागेत गेली. नगर वाढत होते, कारभार वाढत होता. पण नगरसंस्थेला स्वतःचे असे घर नव्हते.

डिसेंबर १८८४ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते नव्या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. रिपन तेव्हा हिंदुस्थानचा निरोप घेण्याच्या बेतात होते. आपल्या वाचकांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी. १८७४ मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला होता आणि हिंदुस्थानचे ते पहिले कॅथलिक व्हाइसरॉय होते. १८८२ च्या त्यांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला चालना मिळाली. कारभार चोख व्हावा एवढाच त्यांचा हेतू नव्हता. लोकांना स्वतःचा कारभार पाहण्याचे शिक्षण मिळावे, ही त्यांची दृष्टी होती. चेन्नईच्या महापालिकेची वास्तू आजही ‘रिपन बिल्डिंग’ म्हणून ओळखली जाते.

कोनशिला बसली, तरी प्रत्यक्ष बांधकामास २५ एप्रिल १८८९ रोजी आरंभ झाला. चार वर्षांहून अधिक काळ मध्ये गेला. कलोनचे कॅथीड्रल १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये पूर्ण झाले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना चार वर्षे फार वाटणार नाहीत. परंतु करदात्यांच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या कचेरीच्या बाबतीत विलंबाचा हिशेब वेगळा असतो.

या वास्तूसाठी दोन आराखडे विचारात होते. एक रॉबर्ट चिझम यांचा, हिंदी-सॅरसेनिक शैलीतला. दुसरा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, गॉथिक शैलीतला. पहिली शैली आपल्या भागाला अपरिचित नाही. कोल्हापूरचा नवा राजवाडा मेजर मँट यांनी याच वळणाने रचला, आणि त्यांच्या निधनानंतर बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम चिझम यांनीच पुढे नेले. स्टीव्हन्स यांची कीर्ती मात्र जागेच्या समोरच उभी होती. १८७८ मध्ये सुरू झालेले त्यांचे रेल्वे स्थानक १८८८ मध्ये पूर्णत्वास गेले.

प्रश्न केवळ कमानींच्या आकाराचा नव्हता. गॉथिक शैली बाराव्या शतकात फ्रान्समधील चर्चच्या बांधणीतून उदयास आली; तिची टोकदार कमान आपल्याला वेदीसमोर बसून परिचित झालेली आहे. नगरकारभाराची वास्तू त्या वळणाची असावी, की या भूमीतील घुमटांची व कमानींची? अखेर स्टीव्हन्स यांचा आराखडा मान्य झाला. पण त्या गॉथिक भिंतींवर पौर्वात्य वळणाचे घुमट आले, हे आजही कोणीही पाहू शकतो. ज्या शैलीला नकार मिळाला, तिची छाया वास्तूवर राहिलीच. दोन्ही आराखडे इंग्रजांचेच होते, हेही विसरता कामा नये. दगड प्रत्यक्ष रचणारे हात येथल्या कारागिरांचे होते आणि कंत्राटदार होते व्यंकू बाळूजी.

३१ जुलै १८९३ रोजी काम पूर्ण झाले. अंदाजित खर्च ११,८८,०८२ रुपये होता. प्रत्यक्षात ११,१९,९६९ रुपये लागले. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले! सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासात ही ओळ सोनेरी अक्षरांत लिहावी अशीच आहे.

या कथेतील महत्त्वाची घटना मात्र बांधकामाच्या जागी घडली नाही. कोनशिला एकटी पडून होती त्याच काळात, १८८८ मध्ये, मुंबईच्या महापालिकेचा कायदा झाला. ७२ सभासदांपैकी ३६ करदात्यांनी निवडावेत, असे त्यात ठरले. मताधिकार मूठभरांपुरता होता, गोरगरिबांना त्यात स्थान नव्हते. तरीही पाया पडला. अनेक दुरुस्त्यांसह तो कायदा आजही चालू आहे. वास्तू उभी राहण्याआधी तिच्यात बसणाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये ठरली, हे या विलंबाचे फलित मानावे लागेल.

साताऱ्याची नगरपालिका १८५३ ची. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकत्र महापालिका १९९८ ची. कोणत्याही गावात नव्या कचेरीचा विषय निघाला, की मजले किती, दर्शनी भाग कसा, काम केव्हा संपणार, हे प्रश्न चर्चिले जातात. ते विचारलेच पाहिजेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न असावा: या दारातून आत जाणाऱ्या सामान्य माणसाचे म्हणणे तेथे ऐकले जाईल काय? त्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर थोडा विलंबही सोसावा. नसेल, तर मनोरा कितीही उंच असला तरी नगराची उंची वाढत नाही.