पळसाला रंग तीनच

परवा जुने फोटो आवरायला बसलो. (कपाट आवरण्यापेक्षा हे बरं, निदान नाकात धूळ जात नाही.) त्यात मामाच्या बांधावरचा पळस सापडला. होळीच्या सुट्टीतला. झाडावर पान एक नाही, नुसती फुलं, आणि मागे फाल्गुनातलं निळं आभाळ. म्हटलं, कृष्णधवल करून बघू, जरा भारदस्त दिसेल. बटण दाबलं आणि फुलं गायब! फांद्या राहिल्या, आभाळ राहिलं, पण ज्याच्यासाठी फोटो काढला तेच आभाळात विरघळून गेलं.

चडफडत आकडे बघितले. संगणकाच्या लेखी प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. फुलाचे साधारण २२५, ८० आणि ३०. आभाळाचे ९०, १२५ आणि १६०. आता या तिन्हींचा एक करडा करायचा तर नेहमीचं सूत्र असं: लालचे २९.९ टक्के, हिरव्याचे ५८.७, निळ्याचे ११.४, आणि बेरीज. करून बघा. फूल ११८, आभाळ ११९. माझ्या डोळ्याला जो फरक आग लागल्यासारखा दिसत होता, तो बेरजेत जवळजवळ शून्य झाला.

हे सूत्र मुळात फोटोसाठी नव्हतंच. १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हा लोकांच्या घरातले जुने संच बाद होऊ नयेत अशी सोय करायची होती. रंगीत प्रक्षेपण साध्या संचावरही नीट दिसायला हवं, म्हणून माणसाच्या डोळ्याला कुठला रंग किती उजळ वाटतो ते धरून हे वजन ठरलं. आपल्याकडे १९८२ साली एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, पण त्यानंतरही कित्येक वर्षं घरोघरी साधेच संच होते. म्हणजे रंगीताचं कृष्णधवल करण्याचा उद्योग आपल्या बैठकीच्या खोलीत रोज संध्याकाळी चालू होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

फोटोग्राफीत मात्र हा प्रश्न अगदी पहिल्यापासून होता, आणि जास्त छळवादी होता. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना निळा रंग तेवढा कळायचा. लाल त्यांच्या दृष्टीने अंधारच. त्यामुळे निळं आभाळ पांढरंफटक यायचं आणि ढग त्यातच बुडायचे. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे जे अप्रतिम फोटो काढले, त्यातल्या काहींत त्याने समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी घेऊन क्षितिजाच्या रेघेवर बेमालूम जोडली. ‘हल्ली फोटोशॉपमुळे खरं काही राहिलं नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा हे फोटो बघावेत.

मग १८७३ साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगेलच्या लक्षात आलं की इंग्लंडहून आलेल्या काही प्लेटा हिरव्या रंगालाही दाद देतात. कारण गमतीचं होतं. काचेच्या मागून प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून त्यांत एक रंगद्रव्य घातलेलं होतं, आणि त्या रंगद्रव्यानेच प्लेटेला नवा रंग शिकवला. त्यातून पुढे ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या. त्यांनाही लाल दिसत नसे, म्हणून तर त्या लाल दिव्यात धुता यायच्या. आपल्या घरच्या जुन्या अल्बमात बायकांचं कुंकू कुळकुळीत काळं दिसतं ना? लहानपणी मला वाटायचं, आजोबांच्या सगळ्या बहिणी बुक्का लावतात.

सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट रॅटन अँड वेनराइट या इंग्रज कंपनीने १९०६ साली बाजारात आणली. आता प्लेटेला सगळं दिसत होतं. म्हणजे कुठला रंग उजळ ठेवायचा आणि कुठला दाबायचा हे ठरवण्याची जबाबदारी प्लेटेवरून माणसावर आली.

या जबाबदारीची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट १० एप्रिल १९२७ ची. अॅन्सेल अॅडम्स तेव्हा २५ वर्षांचा होता. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये, बर्फातून चढत, जड कॅमेरा आणि डझनभर काचेच्या प्लेटा पाठीवर घेऊन तो हाफ डोम नावाच्या अजस्र कड्यासमोर पोचला, तेव्हा त्याच्याकडे दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून काढली. रूढ पद्धत तीच होती, आभाळ जरासं गडद येतं. फोटो काढल्यावर त्याच्या मनात आलं की हे बरोबर येईल, पण कड्यासमोर उभं राहून आपल्याला जे वाटतंय ते यात येणार नाही. मग शेवटच्या प्लेटेला त्याने गर्द लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आभाळ जवळजवळ काळं झालं आणि कडा त्यातून पुढे आला. ‘मोनोलिथ’ तो हाच.

मला या गोष्टीत कड्यापेक्षा ती दुसरी प्लेट जास्त अडवते. फिल्टर तिथेच, डोंगरावर, थंडीत ठरवायचा होता. घरी येऊन ‘अनडू’ नाही. आणि त्या दिवशी आभाळ काही काळं नव्हतं. मग फोटो खोटा का? मला तसं वाटत नाही. पांढरं आभाळही तितकंच खोटं होतं, फक्त ते कुणी ठरवलेलं नव्हतं.

तर पळसाकडे येतो. आता आपल्याला अॅडम्सचा फिल्टर घरबसल्या, फोटो काढून झाल्यावर लावता येतो, कारण रंगीत फाइलीत तिन्ही आकडे वेगवेगळे असतात. नुसता लाल ठेवला तर फूल २२५ आणि आभाळ ९०: काळसर आभाळावर पांढरी फुलं. नुसता निळा ठेवला तर फूल ३० आणि आभाळ १६०, म्हणजे ल ग्रेच्या काळातली प्लेट. हा दुसरा आईला दाखवला. म्हणाली, “एवढे कावळे कशाला बसलेत झाडावर?” पहिला बघून म्हणाली, “ही सावरीची म्हातारी का रे?” दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं. शेवटी लाल बराच, हिरवा थोडा, असं करत फुलं उजळ पण पाकळ्यांची वळणं शाबूत राहतील तिथे थांबलो. अर्धा तास गेला. झाड ओळखू येतं. पेटलेलं मात्र वाटत नाही.

हा रंगीत फोटो मामेभावाने काढलेला आहे. त्या होळीला माझ्याकडेही नवा कोरा डिजिटल कॅमेरा होता आणि मी त्या पळसाचे चाळीसेक फोटो काढले होते. अगदी जवळून: कळ्या, बुंधा, मधासाठी भांडणाऱ्या साळुंक्या. पण मला तेव्हा कलाकार व्हायचं होतं, म्हणून कॅमेरा चार दिवस ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर लावून ठेवला होता. कॅमेऱ्याने ती बेरीज जागच्या जागी केली आणि तीन आकडे फेकून दिले. त्या चाळीस फोटोंत फुलं आणि आभाळ एकच करडे आहेत. ११८ वरून २२५ कडे परत जायला वाट नाही.

पुढच्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि पळस गेला.

त्या होळीला आपण बरेच जण होतो. कुणाकडे तेव्हाचे फोटो असतील, मागे चुकून झाड आलेलं असेल, तरी पाठवा. हललेले चालतील. फक्त रंगीत असतील तसेच पाठवा, माझ्यासाठी म्हणून आधी काही करू नका.